एक जून

सांगलीला जाताना पिशवीत जनरल रजिस्टर होतं,
नव्या हेडमास्तरांनी सही घेऊन दिलेलं,
कडा वाळवीनं चाखलेल्या.
निवृत्तीनंतर चार वर्षांनी समन्स आलं:
बिराप्पा मायाप्पा हाक्के, अनुक्रमांक चारशे बारा,
जन्मतारीख कोणी नोंदवली?

मी नोंदवली.
वस्तीशाळेच्या ओट्यावर त्याची आई म्हणाली होती,
"द्राक्षं उतरत हुती बाई, तवा झाला.
शेडवरच. लिवा की कायबी."
मी एक जून लिहिलं.
त्या पानावर तेवीस मुलं आहेत, सतरा एक जूनची.
एवढी खरंच एका दिवशी जन्मली असती
तर तासगावच्या साऱ्या सुइणी कमी पडल्या असत्या.

निरीक्षणगृहातली ती खोली कोर्टासारखी नाही.
टेबल, पंखा, साध्या कपड्यातला पोलीस.
मॅजिस्ट्रेटबाई माझ्या मुलीच्या वयाच्या.
कोपऱ्यात बिरू, मिसरूड फुटू लागलेलं,
अंगठ्यानं फरशी उकरत.
मला बघून उभा राहिला,
वर्गात राहायचा तसा.

तेरा मेच्या संध्याकाळी, बेदाण्याच्या शेडवर,
तीनशे रुपयांच्या हिशेबावरून
त्यानं दयानंदच्या गळ्यात छाटणीची कात्री घातली.
रजिस्टर म्हणतं, सोळाला एकोणीस दिवस कमी.
द्राक्षं म्हणतात, सोळा होऊन तीन महिने.
इकडे सुधारगृह,
तिकडे कदाचित मोठ्यांचं कोर्ट,
आणि मध्ये माझं पेन,
ज्याला त्या दिवशी तक्ते भरायची घाई होती.

आठव्या दिवशी शेडच्या जाळीवर हात फिरवून बघा.
मणी द्राक्ष नसतो, बेदाणाही नसतो.
शेडवाला त्याला नाव देत नाही.
थांबतो.

मी माफी मागायला आले नव्हते.
दयानंदलाही मीच पाढे शिकवले,
एकोणतीसचा त्याला कधी आला नाही.
त्याचं नाव याच रजिस्टरात, चौदा पानं आधी.
शिक्षा हवीच.
पण शिक्षेतलं मला कळतं ते एवढंच:

तिसरीत बिरूनं खडूचा डबा चोरला.
मी त्याला लिंबाखाली उभं केलं
आणि विसरले.
शाळा सुटली, कुलूप लागलं, एसटी आली, मी गेले.
पोरगं दिवेलागण होऊन गेली तरी तिथंच.
दुसऱ्या दिवशी विचारलं, का रे, घरी का नाही गेलास?
"तुमी जा म्हनला न्हाई."

पुन्हा त्यानं खडू चोरला नाही.
पुन्हा माझ्या डोळ्यांतही बघितलं नाही.
यातलं कामाला काय आलं,
ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

"तारखेला आधार काय?"
"आईनं सांगितलेला अंदाज."
"अंदाज काय होता?"
मार्केट यार्डाकडून हळदीचा वास येत होता,
घशात बसणारा.
बाकावर त्याच्या आईनं पदर तोंडात कोंबला.
मी सांगितलं. द्राक्षांचं. सगळं.
टाइप करणाऱ्यानं 'द्राक्ष' दोनदा खोडलं.

मग कुणी न विचारता बोलले,
"किती वर्षं उभं करायचं ते तुम्ही ठरवा.
पण जा कधी म्हणणार,
ते त्याला आजच सांगा."
हे लिहून घेतलं नाही.

बाहेर पायरीवर शेवंता बसलेली, दयानंदची आई.
वाटलं, आता शिव्या देईल.
तिनं रजिस्टरावर हात ठेवला.
"आमच्या दयाचीबी एक जूनच हाय न्हवं?"
होय.
"मग परवा त्याला कितवं लागलं असतं, बाई?"

जन्मभर मी बेरीज-वजाबाकी शिकवली.
तिच्याशेजारी पायरीवर बसले.
उत्तर येत होतं.